बोला, ऐकतोय

ऑफिसात त्यांना सगळे समोर 'सर' म्हणायचे आणि पाठ वळली की 'चक्रम'. मी दोन्ही म्हटलेलं आहे. त्यांना कामावरून काढलं त्याला आता दोन वर्षं होतील. एका कागदावर सही करायला त्यांनी साफ नकार दिला, ती सही मी केली, आणि नोकरी गेली ती त्यांची. या गोष्टीचा मला अजून राग येतो. कंपनीचा येतो, माझा स्वतःचा येतो, आणि खोटं कशाला बोला, त्यांचाही येतो. माणसाने चांगलं असावं, पण समोरच्याला तोंड दाखवायला जागा उरू नये इतकं असू नये.

ते पेणकरपाड्यात राहायचे, मी भाईंदर पश्चिमेला. ऑफिस घोडबंदरच्या बाजूला, हायवेलगत. मोबाइल कंपनी म्हटलं की लोकांच्या डोळ्यांसमोर टॉवर येतो. आमचा टॉवरशी संबंध बेताचा. आम्ही 'कोअर'वाले, म्हणजे टॉवरच्या मागे जे नेटवर्क असतं, जे कुणाला दिसत नाही आणि ज्याला कुणी शिव्यासुद्धा देत नाही, ते सांभाळणारे. हे सरांना फार झोंबायचं. शेअर रिक्षात कुणी फोन हलवत 'टॉवर नहीं है' म्हणालं की हे मागच्या सीटवरून सुरू व्हायचे, 'टॉवर है. वो देखो, सामने उभा है. अंदर का गडबड है. गाली देने का तो अंदरवाले को दो.' त्यांची हिंदी ऐकून रिक्षावाले आपणहून मराठीत बोलायला लागायचे.

मे महिन्यातही त्यांच्या अंगात तपकिरी स्वेटर असे. सगळी उमर मशीनच्या थंडगार खोल्यांमध्ये गेलेली, बाहेर उकडतंय हे त्यांना कुणी कळवलंच नव्हतं बहुतेक. खिशात दोन फोन, त्यातल्या एकाचं रिचार्ज मुद्दाम संपू दिलेलं. फोन घेतला की 'हॅलो' म्हणायचे नाहीत. 'बोला, ऐकतोय' म्हणायचे. हॅलो हॅलो करण्यात लोकांचं आयुष्य जातं, त्यापेक्षा ऐकू येतंय हे सांगून टाकावं आणि मोकळं व्हावं, असं त्यांचं म्हणणं. त्यांच्या बायकोचा फोन आला तरी हेच. ती माउली काय म्हणत असेल देव जाणे.

मी रुजू झाले त्या दिवशी त्यांनी मला समोर बसवलं आणि विचारलं, 'काय गं, तुझा फोन कुठे आहे?'

'पर्समध्ये, सर.'

'ते तुला माहीत. नेटवर्कला काय माहीत?'

मी पुस्तकातलं घडाघडा म्हणायला लागले. त्यांनी हात वर केला. 'पाठांतर नको. तुझ्या सोसायटीचं सांग. गेटवर कोण असतं?'

'वॉचमन.'

मग तासभर त्यांनी माझ्या सोसायटीत अख्खं कोअर नेटवर्क बसवलं. वॉचमन म्हणजे टॉवर. तो दारात उभा, त्याला निर्णयाचा अधिकार नाही. आलेल्याला तो आत ऑफिसात पाठवतो. ऑफिसात एक जण बसलेला, तो माणूस खरा की तोतया ते तपासतो. दुसऱ्याकडे सभासदांची वही, कुणाला काय मुभा ते त्यात लिहिलेलं. तिसरा कोण सध्या कुठल्या विंगमध्ये आहे ते बघत असतो. तेही नेमकं नव्हे, अदमासाने. फोन गप्प असेल तेव्हा नेटवर्कला फक्त विभाग माहीत असतो, कॉल आला की त्या सगळ्या विभागात हाका मारत सुटायचं. चौथा नियम सांगणार, कुणाला किती पाणी. आणि हे चौघे नुसते बोलणारे. पाणी वाहतं ते वेगळ्याच पाइपातून.

'परवानगी देणारे वेगळे आणि वाहून नेणारा पाइप वेगळा,' ते म्हणाले. 'हे मरेपर्यंत विसरू नकोस. सेक्रेटरीने वहीत पाणी सोडलं असं लिहिलं म्हणजे तुझ्या नळाला पाणी आलं असं नाही.'

आमचा सेक्रेटरी यांना कसा काय माहीत, असं मला वाटून गेलं.

तोतया ओळखायची रीत सांगताना मात्र त्यांचा आवाज मऊ व्हायचा. सिममध्ये एक गुपित किल्ली असते आणि तिची जोडीदार नेटवर्ककडे. ती किल्ली कधीच हवेत सोडायची नाही. नेटवर्क एक गणित घालतं, फोन किल्ली वापरून ते सोडवतो आणि फक्त उत्तर पाठवतो. 'गुपित सांगायचं नाही, आपल्याला ते माहीत आहे एवढंच दाखवायचं. माणसांना हे जमत नाही बघ,' असं म्हणून ते चहा मागवायचे.

आणि एका नंबरला यातलं बरंचसं माफ. तातडीचा नंबर. रिचार्ज संपलेलं असू दे, तुमच्या कंपनीची रेंज नसू दे, दुसऱ्या कंपनीच्या टॉवरवरून का होईना, तो कॉल आत घ्यायचा. त्याच्यासाठी कोअरमध्ये वेगळी वाट राखलेली असते, गर्दी कितीही असो. तो रिचार्ज संपलेला फोन ते त्याच्यासाठी बाळगायचे. 'आपल्या धंद्यात लाज राखणारी ही एकच गोष्ट आहे,' म्हणायचे. आम्ही पोरं मागे हसायचो.

नवीन कोअर आलं तेव्हा सगळे खूश होते, सर सोडून. पूर्वी प्रत्येक कामाला मशीनचं एकेक कपाट असे. आता कपाटं गेली, सगळे प्रोग्रॅम झाले, एक पडला तर दुसरा आपोआप उभा राहतो. 'पूर्वी बिघाड जागेवर सापडायचा,' सर म्हणायचे, 'आता तो घर बदलतो.' भिंतीवरच्या मोठ्या पडद्यावर सगळं हिरवं दिसलं की बाकीचे जेवायला जात. हे तिथेच उभे राहून पडद्याकडे अशा नजरेने बघत, जणू त्याने यांची उधारी बुडवली आहे. 'हिरवं म्हणजे बरोबर नव्हे. हिरवं म्हणजे कुणी नीट विचारलं नाही.'

नीट विचारायची त्यांची पद्धत जगावेगळी होती. टॉवर नव्या कोअरवर घेतला की एकाने त्या टॉवरखाली जाऊन ऑफिसात कॉल लावायचा. बाकी जगात अशा वेळी माणूस 'हॅलो, वन टू थ्री' म्हणतो, समोरचा 'ओके' म्हणतो आणि चौकटीत टिक होते. सरांना ते चालायचं नाही. जिथे उभे आहात तिथे डोळ्यांना जे दिसतंय ते बोलायचं, समोरच्याने ऐकलेलं लिहून घ्यायचं, आणि संध्याकाळी दोन्ही कागद जुळवायचे. आमच्या चाचणीच्या कागदांवर त्यामुळे काहीच्या बाही लिहिलेलं असे. पेणकरपाडा, दारात लाल गोधडी वाळत, एक कान नसलेलं कुत्रं. भाईंदर पश्चिम, बाई भाजीवाल्याला म्हणते मिरची फुकट दे. घोडबंदर, किल्ल्याच्या वाटेवर म्हैस, हलत नाही. मोठ्या साहेबांनी एकदा विचारलं होतं, हा रिपोर्ट आहे की डायरी.

मी एकदा यात लबाडी केली. उन्हाचे दिवस होते, घोडबंदरकडचे सहा टॉवर माझ्या वाट्याला आले होते. दोन केले आणि भाईंदरला एका रसवंतीत पंख्याखाली बसून उरलेल्या चारांचं मनाने रचलं. ऑफिसात लिहून घेणारा माझाच मित्र, त्याने मुकाट उतरवून घेतलं. एका टॉवरखाली मी लिहिलं होतं, बसस्टॉपवर दोन बायका, एकीच्या हातात छत्री. दुसऱ्या दिवशी सरांनी मला सगळ्यांसमोर उभं केलं.

'हे मोठ्याने वाच.'

मी वाचलं.

'हा बसस्टॉप कुठे आहे? मी सकाळी जाऊन आलो. रस्ता खणलाय. स्टॉप दोन महिन्यांपूर्वी उचलून नेलाय. तुझ्या बायका कुठे उभ्या होत्या? खड्ड्यात?'

सगळे हसले. चूक माझी होती, हे मला कळत होतं. म्हणूनच त्या अपमानाने जास्त चटका दिला. तो राग मी महिनाभर पोसला, आणि त्यानंतर जे झालं ते त्या रागातून झालं. हे मी कुणाला सांगितलेलं नाही.

शेवटचा गठ्ठा उत्तनकडच्या टॉवरचा होता. समुद्राच्या कडेची गावं. वरून तारीख ठरून आली होती. त्या तारखेला सगळं नव्या कोअरवर, मग केक. तातडीच्या नंबरची चाचणी करायला आधी परवानगी घ्यावी लागते, उगाच तिथली माणसं अडकवता येत नाहीत. उत्तनचे टॉवर नव्या कोअरवर घेतल्यावर तशी ती घेतली आणि ऑफिसातूनच एक कॉल केला. व्यवस्थित झाला. ऑफिसच्या गच्चीवरचा टॉवर कुठल्याच गठ्ठ्यात नव्हता, तो अजून जुन्याच वाटेवर होता, हे कुणाच्या लक्षात आलं नाही. आलं ते एकट्या सरांच्या. ते जेवणाच्या सुट्टीत कुणाला न विचारता बसने उत्तनला गेले आणि तिथून तो नंबर लावला, परवानगी नसताना.

कॉल लागला. समोरच्या बाई 'हॅलो, बोला, हॅलो' म्हणत होत्या ते यांना स्वच्छ ऐकू येत होतं. यांनी नाव सांगितलं, चाचणी आहे म्हणून सांगितलं, मग आपल्या सवयीने होड्या, क्रॉस, बांबूंवर वाळत घातलेले बोंबील असं समोर दिसेल ते सगळं सांगितलं. बाई हॅलो हॅलो करत राहिल्या आणि त्यांनी फोन ठेवला. दुसऱ्या फोनवरूनही तेच. घरच्यांना लावलेले साधे कॉल ठणठणीत. फक्त तातडीच्या वाटेने जाणारा बोलणाऱ्याचा आवाज पुढे पोचत नव्हता.

आणि पडदा हिरवा. कारण पडदा मोजतो तो कॉल लागला की नाही. कॉल लागत होता. वहीत पाणी सोडलेलं होतं. उचलणाऱ्यांची तरी काय चूक? पोरं खेळतात, खिशातल्या खिशात बटण दाबलं जातं, मुके कॉल त्यांना रोज ढिगाने येतात. आणखी दोन-चार आले तर कोण तक्रार करणार.

सर धापा टाकत परत आले, ते थेट मॅनेजरच्या केबिनमध्ये. काचेचं केबिन, आम्ही सगळे ऐकत होतो.

'उत्तन परत जुन्या वाटेवर घ्या. आजच्या आज.'

'सर, आप भी ना,' मॅनेजर म्हणाला. 'हँडसेट का इश्यू होगा. डॅशबोर्ड देखो, सब ग्रीन है.'

'मी दोन फोनांवरून बोललो. समोर काही जात नाही.'

'एक दिन पीछे गए तो तारीख जाएगी. पॅच मंगाया है मैंने, दो दिन में आएगा. टेस्टिंग के पेपर पे साइन कर दो, सर.'

'मी सही करणार नाही,' सर म्हणाले. 'तुला कुणाची आणायची त्याची आण.'

त्याने माझी आणली. तासाभराने माझ्या टेबलापाशी येऊन तो म्हणाला, 'तू भी सीनियर है अब. सर को तो तू जानती है.' मी सरांना ओळखत होते. खोटं बोलणारे ते नव्हेत, हे मला त्या ऑफिसात सगळ्यांपेक्षा जास्त माहीत होतं. पण त्या क्षणी मला खड्ड्यातल्या दोन बायका आठवल्या, आणि वाटलं, बघू आता कोण कुणाला वाचायला लावतं. मी कागद न वाचता सही केली.

सरांना कळलं तेव्हा ते ओरडतील म्हणून मी तयारीत बसले होते. त्यांनी एवढंच विचारलं, 'तू कॉल लावून बघितलास?'

'नाही.'

'बरं.'

दोन दिवसांत येणारा पॅच, म्हणजे प्रोग्रॅमची दुरुस्ती, यायला एकोणीस दिवस लागले. तेवढे दिवस सरांनी रोज सकाळी एक मेल पाठवला, रोज तोच मजकूर, फक्त तारीख बदललेली. मॅनेजरने नंतर ते उघडायचे सोडले. एकोणिसाव्या दिवशी मशीनवाल्या कंपनीचा एक मुलगा आला, त्याला सापडलं की उत्तनसाठी बसवलेल्या नव्या गेटवेवर, म्हणजे आवाज जिथून बाहेर पडतो त्या दारावर, तातडीच्या कॉलचा आवाज पुढे सोडायची एक ओळ लिहायची राहून गेली होती. त्याने ती लिहिली. चहा गार व्हायच्या आत सगळं सुरळीत झालं.

माझ्या लेखी ते तिथे संपलं होतं. पंधरा दिवसांनी सर माझ्यापाशी आले. 'रविवारी उत्तनला यायचंय. घरात बाई एकट्याच असतात, मी एकटा पुरुष कसा जाऊ. दहाच्या बसला ये.' कशाला, ते सांगितलं नाही. माझा रविवार, माझी सुट्टी, आणि यांचा हुकूम. तरी मी गेले.

बसमध्ये त्यांनी खिशातून घडी केलेला कागद काढला. त्या एकोणीस दिवसांत उत्तनच्या टॉवरवरून तातडीच्या नंबरला गेलेल्या आणि मुके म्हणून कापल्या गेलेल्या कॉलची ती यादी होती. अकरा माणसं. ग्राहकांची माहिती अशी बाहेर नेणं हा गुन्हा आहे, पहिल्या दिवशी आम्हाला तेच शिकवतात, आणि शिकवणारे हेच. दहा घरी ते जाऊन आले होते. कुणाचं भांडण, कुणाच्या घराशेजारी लागलेली आग, एकाची खरंच पोरांनी केलेली मस्ती. सगळ्यांचं निभावलं होतं. हे अकरावं घर.

बाई साठीच्या आसपास. घरात भिंतीवर मेरीमाता, खाली नवऱ्याचा फोटो, त्याला ताजी फुलं. आम्ही मोबाइल कंपनीचे म्हटल्यावर ती घाबरली.

'मी मस्ती न्हाय केली,' ती म्हणाली. 'चुकून बी न्हाय लावला. माजा माणूस पडला व्हता.'

'माहीत आहे,' सर म्हणाले. 'तुम्ही सांगा. मी ऐकतोय.'

नवरा दुपारी मासे वाळत घालताना छातीला हात लावून खाली बसला. तिने फोन लावला. 'ती बाई हॅलो हॅलो करत व्हती. मी सांगत व्हते, माणूस पडलाय, उत्तनला या. ती हॅलो हॅलो. मंग ठेवला. तीन टायम असाच झाला. मंग शेजारच्याचा टेम्पो आनला.' भाईंदरला दवाखान्याच्या दारात तो गेला.

गाडी वेळेवर आली असती तर वाचला असता का, मला माहीत नाही. कुणालाच माहीत नाही. पण त्या घरात ते ठरून गेलं होतं. मुलगा मालवाहू जहाजावर, तो फोनवर एकदाच म्हणाला होता, मम्मी, तू घाबरून गप्प राहिली असशील, तुझ्या तोंडातून शब्दच फुटला नसेल. नंतर नातेवाईकही तेच म्हणायला लागले.

'आता मलाच वाटते,' ती म्हणाली, 'मी बोललेच न्हाय काय? तोंड हलत व्हता, आवाज निघालाच न्हाय काय?'

सरांनी दुसरा कागद काढला. नुसते आकडे होते त्यावर. 'हे तुमचे तीन कॉल,' ते म्हणाले. 'आवाज आमच्या मशीनमध्ये छोट्या छोट्या पाकिटांतून येतो, आणि मशीन पाकिटं मोजतं. काय बोललात ते त्याला कळत नाही, पण बोललात की नाही ते कळतं. गप्प माणसाची पाकिटं थोडी असतात. ही बघा तुमची. पहिल्या कॉलला एवढी. दुसऱ्याला याहून जास्त. तिसऱ्याला तुम्ही श्वाससुद्धा घेतलेला दिसत नाही. तुम्ही बोललात. तिन्ही वेळा बोललात. आवाज तुमच्या घरातून निघाला, टॉवरपर्यंत गेला, आमच्यापर्यंत आला. आमच्याकडे आल्यावर हरवला.'

ती त्या आकड्यांवरून बोट फिरवत राहिली. तिला ते वाचता येत नव्हते, मलाही त्या क्षणी येत नव्हते. मग तिने मुलाला व्हिडिओ कॉल लावला आणि फोन सरांच्या हातात दिला. सरांनी त्याला सगळं पुन्हा सांगितलं. मग त्याने विचारलं, 'टेस्टिंग झाल्याशिवाय चालू कसं केलं? सही करणारा कोण?'

मी खुर्चीच्या कडेवर बसले होते. माझ्या तोंडात तो शब्द तयार होता.

'सही माझी,' सर म्हणाले.

मुलगा जे बोलला ते मी लिहिणार नाही. एवढ्या घाण शिव्या मी कधी माझ्या कानांनी ऐकल्या नव्हत्या. सर फोन तसाच तोंडासमोर धरून ऐकत राहिले. बाई 'नको रं, नको' म्हणत होती. मी काही म्हणाले नाही.

बाहेर रस्त्यावर आल्यावर मी त्यांना धरलं. 'सर, सही माझी होती. तुम्ही असं का सांगितलंत?'

तेव्हा ते ओरडले. महिनाभर साठवलेलं ओरडले. 'मग काय करणार होतीस? तिच्यासमोर रडणार होतीस? तिने तुझी समजूत काढायची होती? आपण तिचं ऐकायला गेलो होतो, तुझं नाही.' रस्त्यावरची माणसं बघायला लागली. 'माझ्या खात्याचा कागद होता. मी थांबवू शकलो नाही. म्हणजे माझाच.'

परतीच्या बसमध्ये आम्ही वेगवेगळ्या सीटवर बसलो.

मुलाने जहाजावरून कंपनीला मेल पाठवला. तुमच्या माणसाने घरी येऊन स्वतःच्या तोंडाने चूक कबूल केली आहे, असं त्यात लिहिलं होतं. कंपनीला आयतंच सापडलं. माहिती बाहेर नेली हा गुन्हा, आणि वर कबुली. चौकशीत तिघे जण समोर बसले होते. त्यांनी मला विचारलं, यादी सरांनी नेली हे तुम्ही पाहिलंत का? मी हो म्हटलं, खरं तेच होतं. सहीचं कुणी विचारलं नाही. कागद त्यांच्या समोरच्या फायलीत होता, माझं नाव त्यावर ठळक होतं, आणि तिघांपैकी एकानेही पान उलटलं नाही. विचारलं असतं तर मी सांगितलं असतं, असं मी बरेच दिवस स्वतःला सांगत होते. न विचारता सांगायला मला कुणी अडवलं होतं? त्या दुपारी सरांचं ओळखपत्र काढून घेतलं. ते स्वेटर हातावर टाकून जिना उतरले. मॅनेजर आता वरच्या मजल्यावर बसतो. त्याच्या जागी मी बसते.

नंतर एकदा मी त्यांना फोन लावला. नवीन नंबरवरून, त्यांना कळू नये म्हणून. पहिल्याच रिंगला उचलला.

'बोला, ऐकतोय.'

मी काही बोलले नाही. ते थांबले. एवढा वेळ कुणी थांबत नाही, माणूस वैतागून ठेवतो. ते थांबूनच राहिले. शेवटी मीच फोन ठेवला. मग मला त्यांचा असा संताप आला की हातातला फोन भिंतीवर मारावासा वाटला. त्यांनी ओरडायचं होतं, शिव्या द्यायच्या होत्या, निदान कोण बोलतंय म्हणून विचारायचं होतं.

गेल्या महिन्यात मी एकटी उत्तनला गेले. बाई दारात बसून सुके बोंबील निवडत होती. तिने मला ओळखलं, बस म्हणाली. मी बसले नाही. उभ्या उभ्याच सांगून टाकलं, की त्या कागदावरची सही सरांची नव्हती, त्यांनी करायला नकार दिला होता, सही माझी होती, आणि त्यांची नोकरी गेली.

तिने एक बोंबील टोपलीत टाकला, मग दुसरा.

'त्या दिशी तू हितंच बसली व्हतीस,' ती म्हणाली. 'त्या खुर्चीवर.'

'हो.'

'माजा पोरगा त्यांना न्हाय न्हाय ते बोलला. तू आयकत व्हतीस.'

'हो.'

तिने हात थांबवले आणि माझ्याकडे पाहिलं. आवाज चढवला नाही.

'मी बोलले तवा तुमची मशीन बिघडली व्हती,' ती म्हणाली. 'तुला काय झाला व्हता?'

तिला खरंच उत्तर हवं होतं. ती थांबली होती.